जेवणाच्या काउंटरपलीकडचे विद्यापीठ

महाविद्यालयीन आठवणी निघाल्या की त्या कोणाच्या, असे आपण विचारत नाही. उत्तर गृहीतच असते. आठवणी विद्यार्थ्यांच्या, क्वचित एखाद्या निवृत्त प्राध्यापकांच्या. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात कट्टा येतो, गॅदरिंग येते, वसतिगृहातील जागरणे येतात आणि मेसमधल्या मावशींच्या वाट्याला एखादे वाक्य येते, तेही बहुधा त्यांच्या हातच्या आमटीविषयी. मावशींना त्या काळातले काय आठवते, हे विचारायला कोणी जात नाही.

माझ्या मनात हा प्रश्न आला तो फार दूरच्या एका विद्यापीठामुळे. गेले काही महिने रात्री निजानीज झाल्यावर मी अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या मौखिक इतिहास संग्रहातल्या मुलाखती ऐकतो आहे. चॅपेल हिल नावाच्या लहानशा गावात हे विद्यापीठ आहे. आजचा धागा त्या आवाजांविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत ‘दक्षिण’ हा शब्द केवळ दिशा सांगत नाही. १८६०-६१ मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेली ११ राज्ये हा त्याचा गाभा, आणि नॉर्थ कॅरोलायना त्यांपैकी एक. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली. पण पुढे कायद्याने शाळा वेगळ्या केल्या, बसमधील आसने वेगळी केली, पाणी पिण्याचे नळसुद्धा वेगळे केले. विद्यापीठाची सनद १७८९ ची. पहिला विद्यार्थी आला १७९५ मध्ये. पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना दार उघडले ते १९५१ मध्ये, तेही न्यायालयाच्या आदेशानंतर. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत कृष्णवर्णीय माणसे त्या आवारात नव्हती असे मात्र नाही. ती रोज होती. इमारती त्यांनी उभारल्या, खोल्या त्यांनी झाडल्या, थंडीत शेगड्या त्यांनी पेटवल्या, जेवण त्यांनी रांधले. फक्त ‘विद्यार्थी’ या नोंदवहीत ती नव्हती.

१९७३ मध्ये जॅकलिन डाउड हॉल या इतिहासकार स्त्रीने याच विद्यापीठात दक्षिणेच्या मौखिक इतिहासाचा प्रकल्प सुरू केला. कापडगिरण्यांतील कामगार, शेतमजूर, शिक्षिका, वकील, आंदोलक अशांच्या मुलाखती ध्वनिफितीवर घ्यायच्या, त्या अक्षरशः उतरवून काढायच्या आणि ग्रंथालयात ठेवायच्या, असे त्याचे स्वरूप. आज हा संग्रह सहा हजारांहून अधिक मुलाखतींचा आहे आणि त्यांतील पुष्कळशा घरबसल्या ऐकता येतात. लिखित प्रत समोर ठेवून ऐकावे, असा माझा तरुण मित्रांना आग्रह राहील. कागदावर एक पूर्णविराम असतो आणि कानावर आठ सेकंदांची शांतता येते. ती शांतता उतरवून घेण्याचे चिन्ह अजून कोणाला सापडलेले नाही.

या विद्यापीठाविषयीची मला सर्वांत विलक्षण वाटणारी आठवण मात्र ध्वनिफितीवर नाही. ती फितीच्या शोधाआधीची आहे. जॉर्ज मोझेस हॉर्टन हा गुलामगिरीत जन्मलेला माणूस. मालकाचे शेत शेजारच्या चॅथम परगण्यात. सुटीच्या दिवशी फळे विकायला तो पायी चॅपेल हिलला येत असे. त्याला कविता रचता येत. लिहिता येत नसे. तो कविता मनात जुळवायचा, तोंडाने सांगायचा आणि विद्यार्थी त्या उतरवून घ्यायचे. प्रेयसीच्या नावाची अक्षरे ओळींच्या आरंभी गुंफलेल्या कवितांना तेथे चांगली मागणी होती आणि विद्यार्थी त्याला एका कवितेचे पाव डॉलरपासून पाऊण डॉलरपर्यंत देत. १८२९ मध्ये त्याचा पहिला संग्रह छापून निघाला. त्या पैशातून स्वातंत्र्य विकत घ्यावे ही आशा. ती पुरी झाली नाही. तो मुक्त झाला तो युद्धानंतर, साठी उलटल्यावर.

१८४५ च्या आपल्या संग्रहाला त्याने आत्मवृत्ताची प्रस्तावना जोडली आहे. विद्यार्थी त्याला मध्ये उभे करून भाषणे करायला लावत, आणि हा आपल्याला हसण्याचा खेळ आहे हे कालांतराने त्याच्या ध्यानात आले, असे तो त्यात सांगतो. त्या काळच्या विद्यार्थ्यांची पत्रे आणि रोजनिशा ग्रंथालयात जपलेल्या आहेत. पण हसणारे वर्तुळ आतून कसे दिसते, हे वर्तुळाच्या मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाकडूनच कळते.

आता शंभर वर्षे पुढे येऊ. १९३८ मध्ये पॉली मरी नावाच्या तरुणीने या विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज केला. त्याच वर्षअखेरीस नकाराचे पत्र आले. कारण तिचा वंश. दक्षिणेतील सर्वांत उदारमतवादी विद्यापीठ असा तेव्हा त्याचा लौकिक होता आणि कुलाध्यक्ष फ्रँक पोर्टर ग्रॅहम यांची गणना तर तेथील मोठ्या उदारमतवाद्यांत होत असे. मरी यांची आजी कॉर्निलिया गुलामगिरीत जन्मली ती चॅपेल हिलजवळच्या स्मिथ घराण्यात, त्याच घराण्यातील एका पुरुषाची मुलगी म्हणून. त्या घराण्यातील मेरी रफिन स्मिथ यांनी मृत्युपत्राने आपल्या जमिनीचा मोठा भाग ज्या संस्थेला दिला, ती संस्था म्हणजे हेच विद्यापीठ. एका घराची जमीन विद्यापीठाला चालली. त्याच घराच्या रक्ताची नात चालली नाही. मरी पुढे वकील झाल्या, लेखिका झाल्या, धर्मोपदेशक झाल्या. १९७६ मध्ये त्यांची प्रदीर्घ मुलाखत घेतली गेली, ती याच विद्यापीठाच्या मौखिक इतिहास प्रकल्पासाठी. ज्या संस्थेने वर्गात बसू दिले नाही, तिच्याच संग्रहात आज त्यांचा आवाज आहे. याला न्याय म्हणावे का, मला ठरवता येत नाही. पण नकाराचे पत्र आणि मुलाखत एकाच विद्यापीठाच्या इतिहासात शेजारी शेजारी ठेवता येतात, हे थोडे नव्हे.

मार्च १९५१ मध्ये एका संघीय अपील न्यायालयाने निकाल दिला: डरहॅम येथील कृष्णवर्णीयांसाठीचे स्वतंत्र विधी महाविद्यालय चॅपेल हिलच्या तोडीचे नाही, म्हणून अर्जदारांना चॅपेल हिललाच प्रवेश द्यावा लागेल. जूनमध्ये पाच जण दाखल झाले: हार्वी बीच, जेम्स लॅसिटर, जे. केनेथ ली, फ्लॉइड मॅकिसिक आणि जेम्स वॉकर. इतिहासाच्या पुस्तकात हा प्रसंग येथे संपतो. निकाल लागला, प्रवेश झाला, पुढचे प्रकरण. आठवणी मात्र येथून सुरू होतात.

राहण्यासाठी त्यांना स्टील या वसतिगृहाचा तिसरा मजला मिळाला. संपूर्ण मजला. बाकीच्या वसतिगृहांत जागेची टंचाई, आणि येथे मोजक्या माणसांना अख्खा मजला. कार्यालयाच्या दृष्टीने ही निवासाची सोय झाली. ज्याला त्या मजल्याच्या लांबलचक रिकाम्या वाटेवरून रात्री स्वतःच्याच पावलांचा आवाज ऐकत खोलीपर्यंत जावे लागते, त्याच्या दृष्टीने ती कोणती सोय होती, हे आपण आपल्या मनाशी तपासून पाहावे.

त्याच वर्षी शरद ऋतूत फुटबॉलचा हंगाम आला. चॅपेल हिलला फुटबॉल म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या गावचा उरूसच; अवघे गाव मैदानावर लोटते. विद्यार्थ्यांना विद्यार्थ्यांच्या सज्जातील जागा मिळत. या नव्या विद्यार्थ्यांना मात्र चान्सलर रॉबर्ट हाउस यांनी मैदानाच्या टोकाला असलेल्या, कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी राखलेल्या भागाची तिकिटे दिली. युक्तिवाद असा, की शिक्षण न्यायालयाने एकत्र केले आहे, करमणूक नव्हे. वॉकर यांनी तिकीट नाकारले आणि लेखी निषेध केला. विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातही या धोरणावर टीका झाली. अखेर प्रशासन नमले आणि विद्यार्थ्यांच्या सज्जातील तिकिटे त्यांना द्यावी लागली.

एका खेळाच्या तिकिटाचे ते काय एवढे, असे आज वाटेल. मला तसे वाटत नाही. घटनेच्या कलमावर न्यायालयात युक्तिवाद करणे हे वकिलांचे काम होते. त्याला मोठी माणसे होती, थरगुड मार्शल यांच्यासारखी. पण शनिवारी दुपारी आपण कोठे बसायचे, हे ज्याचे त्याला ठरवावे लागले. विद्यापीठातले जीवन म्हणतात ते बहुतांशी अशाच गोष्टींचे असते: कोठे बसायचे, कोणाबरोबर जेवायचे, आपण आल्यावर कोण उठून जाते.

१९५५ मध्ये पदवी वर्गाचे दार उघडले. पुन्हा खटला, पुन्हा निकाल. डरहॅमच्या हिलसाइड शाळेतून आलेले लेरॉय आणि राल्फ फ्रेझर हे भाऊ आणि त्यांचे मित्र जॉन लुईस ब्रँडन असे तिघे जण. त्यांनाही स्टीलचाच तिसरा मजला. तिघांपैकी एकानेही तेथून पदवी घेतली नाही. फ्रेझर बंधू परत डरहॅमच्या महाविद्यालयात गेले. ज्यांच्या नावाने न्यायालयीन विजय नोंदला गेला, तेच तेथे टिकू शकले नाहीत. विजयाचे वर्ष पाठ करताना हे वाक्यही पाठ करावे. कॅरन पार्कर या त्या विद्यापीठाच्या पदवी वर्गातून पदवी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनी. वृत्तविद्येची ही पदवी त्यांना मिळाली १९६५ मध्ये. त्यांनी त्या काळात रोजनिशी लिहिली होती आणि ती आता विद्यापीठाच्या विल्सन ग्रंथालयात आहे. त्याच त्या दिवशी लिहिलेली ओळ आणि चाळीस वर्षांनी सांगितलेली आठवण यांतला फरक अभ्यासायचा असेल, तर हे साहित्य फार मोलाचे आहे.

येथे कोणीतरी विचारणारच: चाळीस वर्षांनी सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास कसा ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. माणसे विसरतात, वर्षांची अदलाबदल करतात, स्वतःला थोडे शूर करून सांगतात. इटालियन अभ्यासक अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी यावर जे काम केले ते मला दिशादर्शक वाटते. तेर्नी या पोलादाच्या गावात लुइजी त्रास्तुल्ली नावाचा तरुण कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या हातून मारला गेला. निदर्शने नाटो कराराविरुद्ध होती. पण गावातले कितीतरी कामगार पोर्तेल्लींना सांगत राहिले, की तो १९५३ मध्ये, मोठ्या कामगार कपातीविरुद्धच्या संघर्षात मारला गेला. कागद पाहिले तर कामगार चुकले. पोर्तेल्लींनी विचारले, सगळ्यांची चूक एकाच दिशेने का होते? राजकीय निदर्शनात, प्रतिकार न होता गेलेला बळी त्या गावाला सोसवत नव्हता. भाकरीच्या लढाईत गेलेला बळी त्यांना समजत होता. तारीख चुकीची होती, दुःख नव्हते.

आपल्याकडेही हे काम झाले आहे आणि फार चांगले झाले आहे. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना शोधत उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून हिंडल्या, त्यांच्याशी बोलल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध झाले. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी हा धागा येथेच थांबवून आधी ते मिळवावे. मी वाट पाहीन.

चॅपेल हिलच्या संग्रहात मी ज्या मुलाखतीपाशी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो, ती ना विद्यार्थ्याची ना प्राध्यापकाची. ती एलिझाबेथ ब्रुक्स यांची आहे. त्या विद्यापीठाच्या भोजनगृहात कामाला होत्या. १९७४ मध्ये बेव्हर्ली जोन्स यांनी त्यांना बोलते केले.

लेनॉयर हॉल हे विद्यापीठाचे मोठे भोजनगृह. काउंटरमागे उभे राहणारे बहुतेक सारे कृष्णवर्णीय, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ. त्यांची गाऱ्हाणी ऐकताना ती साठ वर्षांपूर्वीची वाटत नाहीत. दीर्घकाळ काम करूनही ‘तात्पुरते’ म्हणून ठेवणे. जादा वेळेचा पूर्ण मोबदला न देणे. आणि तुटक पाळी: सकाळी काही तास काम, मग मधले तास बिनपगारी, मग संध्याकाळी पुन्हा कामावर. म्हणजे दिवस सगळा विद्यापीठाचा, पगार अर्ध्या दिवसाचा. १९६८ मध्ये त्यांनी सुधारणांच्या २१ मागण्यांची यादी व्यवस्थापनाला दिली. तिचे काही झाले नाही.

२३ फेब्रुवारी १९६९, रविवार. कामगार नेहमीप्रमाणे आले. नेहमीप्रमाणे अन्न मांडले. दारे उघडली, विद्यार्थी ताटे घेऊन रांगेत उभे राहिले. तेव्हा काउंटरमागच्या बाया तेथून निघाल्या, पलीकडे आल्या आणि विद्यार्थ्यांच्या टेबलांपाशी खुर्च्या ओढून बसल्या.

एवढेच. घोषणा नाही, मोडतोड नाही. समोर वाफाळते अन्न, रांगेत ताटे आणि वाढायला कोणी नाही. व्यवस्थापकांनी विनवले, त्या उठल्या नाहीत. मेरी स्मिथ आणि एलिझाबेथ ब्रुक्स यांचे नेतृत्व पुढे आले. ब्लॅक स्टुडंट मूव्हमेंट ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची. ती पाठीशी उभी राहिली. मॅनिंग हॉल या इमारतीत संपकऱ्यांनी स्वतःचे भोजनगृह थाटले. तेथे त्या आपल्या घरच्या पद्धतीचा स्वयंपाक करून विकू लागल्या आणि विद्यार्थी लेनॉयर सोडून तेथे जेवू लागले.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेनॉयरमध्ये टेबले उलटली गेली, झटापट झाली आणि चान्सलरांनी भोजनगृह बंद केले. गव्हर्नर रॉबर्ट स्कॉट यांनी ते पोलिसांच्या बंदोबस्तात उघडायला लावले. पुढे मॅनिंग हॉलही रिकामा करवला. त्या वेळच्या वृत्तपत्रांत आणि बऱ्याच विद्यार्थ्यांच्या आठवणींत हाच भाग ठळक आहे: उलटलेली टेबले, हेल्मेट घातलेले पोलीस, सभा, भाषणे. त्यात खोटे काही नाही. तारुण्यात डोळ्यांसमोर पोलीस उभे राहिले तर ते आयुष्यभर आठवणारच. पण ब्रुक्स यांचे बोलणे ऐकताना वजन दुसरीकडे पडते. तासांचा हिशेब कसा बुडे, कामगारांना एकत्र कसे आणले, कोण घाबरले, त्या रविवारी कोण आधी बसले. एकाच महिन्याच्या या दोन आठवणी. एकीत संप हा विद्यार्थी चळवळीचा अध्याय आहे. दुसरीत विद्यार्थी हे संपाला येऊन मिळालेले साथीदार आहेत. कोणती आठवण आपण आधी ऐकतो यावर त्या महिन्याचे शीर्षक ठरते, आणि पन्नास वर्षे पहिलीच आधी ऐकली गेली.

२१ मार्च रोजी तोडगा निघाला. किमान वेतन ताशी १ डॉलर ८० सेंट झाले आणि वाढ भोजनगृहापुरती न राहता राज्याच्या सेवेतील हजारो कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोचली. पण दोन महिन्यांतच विद्यापीठाने भोजनव्यवस्था एका खाजगी कंपनीकडे सोपवली, कपात सुरू झाली आणि नोव्हेंबरमध्ये दुसरा संप करावा लागला. म्हणून मी पहिल्या संपाला विजय म्हणताना जरा थांबतो. ज्या मालकाशी करार केला, तो मालकच बदलून टाकण्याची ही युक्ती कंत्राटी कामगारांच्या आपल्या देशात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

चॅपेल हिलच्या जुन्या हिरवळीवर आज एक काळ्या दगडाचे गोल टेबल आहे. २००२ च्या तुकडीने विद्यापीठाला दिलेली ही भेट, २००५ मध्ये बसवलेली. शिल्पकार दक्षिण कोरियाचे डो हो सुह. टेबलाचा दगडी पृष्ठभाग ब्राँझच्या सुमारे ३०० लहान मानवाकृतींनी हात वर करून तोलून धरला आहे. ज्या गुलाम आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसांनी हे विद्यापीठ बांधले, त्यांचे हे स्मारक. त्याच हिरवळीवर, थोड्याच अंतरावर, गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सैनिकाचा १९१३ मध्ये उभारलेला उंच पुतळा होता. २० ऑगस्ट २०१८ च्या रात्री आंदोलकांनी तो खाली पाडला. टेबल आहे तेथेच आहे. स्मारक असावे तर ते जपून वागवण्याजोगे असावे, टेबल कशाला केले, अशी टीका त्याच्यावर झाली आहे, आणि ती मला पटते. कारण त्याच्याभोवती दगडी बैठका आहेत आणि येणारे-जाणारे तेथे बसून खातात-पितात.